नसीमआपा, ही कल्हई ठेवायची कुठे?

नसीम युसूफ, कल्हईवाल्याची बायको, राहणार बल्लारपूर. २००५ साली, तान्ह्या पोळ्याच्या सकाळी, बाहेर लेकरं लाकडी बैल ओढत दारोदार फिरत होती तेव्हा तिचा जीव गेला. तिच्यावर अन्याय झाला.

पत्रक लिहायला घेतलं की पहिली ओळ मी अशीच लिहिते. कोणावर आणि कधी. संघटनेच्या शिबिरात आम्हाला तेच शिकवलंय. दुसऱ्या ओळीत लिहायचं असतं, कोणी केला. आपा, तुझ्या बाबतीत मी त्या दुसऱ्या ओळीवर अडकून बसलेय.

म्हणून पत्रकाचा कागद बाजूला सारला आणि तुलाच लिहितेय. तू काही हे वाचणार नाहीस. जिवंत होतीस तेव्हा तरी माझं एखादं पत्रक शेवटपर्यंत कुठे वाचलंस? अर्ध्यावर कागद उलटा करायचीस आणि म्हणायचीस, "मांगची बाजू कोरी हाय, बरं झालं. मसाला बांधाले कामी येते." मग माझं तोंड पडलेलं पाहून हसायचीस. तू मला वनिता म्हणून हाक मारलेली आठवतच नाही. पहिल्या महिन्यापासून मी तुझी पर्चेवाली. "काऊन वो पर्चेवाली, आज कोणाले शिव्या छापल्या?"

तुझ्या पुढच्या खोलीत मी भाड्याने आले ती युसूफभाऊंच्या भरवशावर. मूलच्या पुढे तलावाकाठी आमचं गाव, ढिवरांची, मासेमारांची वस्ती. माझ्या जन्माच्या आधीपासून युसूफभाऊ गोंदियाकडच्या पॅसेंजरने भाता घेऊन यायचे, आमच्या चिंचेखाली खड्डा करून भट्टी लावायचे. आईच्या पितळी गंजाला, आमच्याकडे मोठ्या पातेल्याला गंज म्हणतात, त्या गंजाला दर वर्षा-दोन वर्षांनी त्यांच्याच हातची कल्हई. म्हणून कॉलेजसाठी बल्लारपूरला पाठवायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, कल्हईवाल्या भाऊच्या घरी राहा, ओळखीचं माणूस आहे. ज्या हाताने आमच्या घरातली भांडी आतून झळकायची, त्या हातावर आईने मलाही सोपवलं. हे मी मुद्दाम लिहितेय. पुढचं सगळं वाचणाऱ्याला हे आधी माहीत असलं पाहिजे.

मला कल्हई बघायला फार आवडायची. अंगणात भांडं तापायचं, युसूफभाऊ नवसागराची चिमूट टाकायचे, पांढरा धूर भप्पकन वर यायचा, मग रांग्याची, म्हणजे कथलाची, कांडी नुसती टेकवायची आणि कापसाचा बोळा फिरवायचा. काळं भांडं एका फेऱ्यात चांदीचं. भाता तू ओढायचीस. मी म्हणायचे की सगळी मेहनत तुझी आणि नाव त्यांचं. तू म्हणायचीस, "नाव त्याइचंच राहू दे. कल्हई निघाली तं शिव्याही त्याइलेच पडतील."

आपा, ही तुझी थट्टा आठवली की आता अंगावर काटा येतो.

स्टील आलं, ॲल्युमिनियम आलं आणि कल्हईचा धंदा बसला, हे तुझ्या घरात कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. खेड्यातली जुनी भांडी आणि पंगतीचे मोठे हंडे तेवढे उरले. त्याच काळात स्टेशनकडच्या भंगारवाल्या सेठने जुने कॉम्प्युटर घ्यायला सुरुवात केली. ऑफिसांनी नवे घेतले, जुने लिलावात काढले. काही नागपूरहून पोत्यांत भरून रेल्वेने यायचे. काचेची मोठी डबडी त्याच्या आवारात पावसात पडून असायची, वायरी नाल्यापाशी जाळून तांबं काढायचे, आणि आतल्या हिरव्या पाट्या पोत्यांनी घरोघर जायच्या. बायकांच्या हाताला काम, असं त्याचं म्हणणं. मागच्या खोलीत सिगडी, सिगडीवर तवा, तव्यावर पाटी पालथी. पाटी तापली की ठोकायची, काळे किडे खाली पडायचे. त्या चिपांना तू किडेच म्हणायचीस. किडे आणि पिवळ्या कडेच्या पट्ट्या सेठच्या. तव्यावर जे पांढरं ओघळायचं ते त्याला नको होतं. ते तुझं.

तू ते एका डबीत ओतून गार करायचीस. एकदा संध्याकाळी युसूफभाऊंनी त्याची कांडी हातात घेतली, दिव्याकडे धरली आणि खूश झाले. रांगा घरीच निघायला लागला म्हणाले. बाजारातल्या रांग्यापेक्षा लवकर पातळ होतो, कोळसा कमी लागतो, आणि थोडक्यात सगळं भांडं झाकतो. कल्हईवाल्याला धातूकडून आणखी काय पाहिजे? यंदाच्या होळीनंतर त्यांनी तोच वापरला. केळझर, मूल, राजोली, सिंदेवाही, प्रत्येक स्टेशनावर उतरून गावोगाव. लग्नसराईच्या आधी आमच्या समाजाचे मोठे हंडे, डेग, पराती, सगळ्यांना तीच कल्हई. आईच्या गंजालाही.

तुझ्या खोलीतल्या धुरावरून आपण भांडत होतोच. मी खिडकी उघडायचे, तू बंद करायचीस, शेजारचे बोलतात म्हणून. तुझं पोट दुखायचं, तोंडाला गोडसर-कडू चव यायची, चहा नकोसा व्हायचा. तू म्हणायचीस, पित्त आहे. मी म्हणायचे, धूर आहे. पण मलाही तेव्हा नीट काही माहीत नव्हतं. धूर वाईट, एवढंच माझं ज्ञान. पत्रकात छापायला ते पुरतं.

उन्हाळी शिबिरात एका म्हाताऱ्या विज्ञानाच्या सरांनी जुन्या टीव्हीची पाटी सगळ्यांच्या हातून फिरवली. हे पांढरे टाके दिसतात ना, म्हणाले, यात रांग्याबरोबर शिसं असतं. धुरातून जातं, बोटातून जातं, अन्नातून जातं. रक्तात जातं आणि हाडात जाऊन बसतं. आंबट पदार्थ ते ओढून घेतो. पोटातल्या बाळाला आईकडून मिळतं. पाटी माझ्या हातात आली तेव्हा मला तुझा तवा दिसला. जेवणाच्या सुट्टीत ताटात कढी वाढली गेली आणि मला आईचा गंज दिसला. मी उठून बाहेर गेले.

लोकांना वाटतं मी रागीट आहे. भाषणात आवाज चढतो, पत्रकात शब्द चढतात. त्या दुपारपासून, आपा, मी फक्त भ्यालेली आहे. कोळशाचा धूर दिसतो, काळं पाणी दिसतं, त्यावर बोट दाखवता येतं. हे दिसत नाही. आणि दिसतं ते सुंदर दिसतं. चांदीसारखं.

शिबिरातून आल्याआल्या मी तुझ्या मागच्या खोलीत शिरले आणि सिगडीवर पाणी ओतलं. तू चिडलीस. मी काय काय बोलले ते आता नीट आठवत नाही, पत्रकासारखंच बोलले असेन. युसूफभाऊ अंगणातून आत आले, ऐकून घेतलं. पेटीतून जुनी, दुकानातून आणलेली रांग्याची कांडी काढली, कानाशी धरून वाकवली. कर्र असा बारीक आवाज आला. अस्सल रांगा वाकवला की कुरकुरतो, हे त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. मग तुझ्या डबीतली कांडी घेतली. वाकवली. आवाज नाही. पुन्हा वाकवली, माझ्या कानाशी आणून. काही नाही, ओल्या मातीसारखी गुपचूप वाकली. तू म्हणालीस, पाहू. तुझ्याने ती वाकेना, मनगटात जोरच नव्हता. त्यांनी तुझ्या कानाशी धरून वाकवली.

त्यांनी दोन्ही कांड्या शेजारी शेजारी ठेवल्या. मग ते म्हणाले, "दुकानदाराचा रांगा मी दर टायमाले वाकवून पाहतो, तो फसवते म्हणून. हा तं कंपनीचा माल. इंजिनेर लोकाइनं लावलेला. याले काय वाकवून पाहाचं, म्हणलं."

त्या दिवसानंतर त्यांनी ती कांडी भांड्याला लावली नाही. एवढं मी शपथेवर लिहायला तयार आहे.

माझं मात्र लगेच ठरलं होतं. पत्रक. नाव, गावं, भांडी, सगळं. तू सिगडीपाशी ओल्या कोळशाकडे बघत बसली होतीस. मी कागद काढला तसं तू माझ्या हातावर हात ठेवलास.

"नाव नोको छापू, पर्चेवाली."

नाव नाही छापलं तर लोकांना कोणती भांडी ते कळणार कसं, असं मी विचारलं.

"तुह्या लोकाइले शिसं दिसनार नाई," तू म्हणालीस. "त्याइले टोपी दिसन. आमच्या घरावर येतील, मंग गल्लीवर. कल्हईवाल्यानं जहर देल्लं म्हणतील. तू काय पुढं उभी राहशील, कागद घेऊन?"

मी म्हणाले, राहीन. तू हसलीस. त्या हसण्यात थट्टा नव्हती. आपा, तुला भीती कशाची होती ते मला कळत होतं. आणि माझी भीती तुला कळत होती. दोघींच्या भीतीला एकाच कागदावर जागा नव्हती.

भांडण आठवडाभर चाललं. तू मला स्वयंपाकघरातून उत्तर द्यायचीस, मी पुढच्या खोलीतून. भाऊ मधल्या दारात बसून बिडी ओढायचे. मी म्हणायचे, लोकांचा हक्क आहे. तू म्हणायचीस, लोकांचा हक्क आणि आमचं घर. शेवटी एका सकाळी तू नवी साडी नेसून दारात उभी. म्हणालीस की चल, तुझ्या गावाला जाऊ, मी तोंडाने सांगते. तोंडाने सांगितलेलं गावात राहतं, कागद जिल्हाभर फिरतो.

तू आधीच थकलेली होतीस. पॅसेंजरच्या पायऱ्या चढताना उजवा हात दांडीला धरताच येईना, पंजा खाली लोंबायचा. मी मागून ढकललं. तू म्हणालीस, म्हशीले ट्रकात चढवते का. डब्यातल्या बायका हसल्या. एकीने तुला खिडकी दिली. केळझरचं जंगल लागलं तशी तू खिडकीत डोकं टेकून झोपलीस आणि मी प्रत्येक स्टेशनावर उतरणाऱ्या माणसांकडे बघत राहिले. यातल्या कोणाच्या घरी? कोणाच्या चुलीवर, या घडीला?

आखाड होता. माझी बहीण सुनंदा माहेरी आलेली, पोटुशी. आई खूप दिवसांनी कल्हईवाल्या भाऊची बायको घरी आली म्हणून हरखली. आपण हातपाय धुऊन येईपर्यंत पानं मांडलेली. तलावातल्या मासोळीचा चिंच घातलेला सार, भात आणि अंबाडी. सार गंजातून वाढत होती. आतून तो इतका पांढरा होता की वाढताना आईचा हात त्यात दिसत होता. आई कौतुकाने म्हणालीही, "पाय, तुह्या मालकानं काय लख्ख केला. आरशात पाहाचं कामच नाई."

मी तोंड उघडणार होते. पण तू सांगायचं असं ठरलं होतं. तू पानाकडे पाहिलंस. सुनंदाने पहिला घास कालवला आणि तू तुझा तो लुळा हात उचलून तिच्या ताटावर आडवा ठेवलास. रश्शात पडला. मनगटापर्यंत सार लागला.

"खाऊ नोको, बाई. या गंजातलं खाऊ नोको. आमच्या हातून चूक झाली."

आईला वाटलं तुला बाहेरचं काही लागलं. मग तू सांगत गेलीस, तवा, पाट्या, कांडी, वाकवून न पाहिलेला कंपनीचा माल. शिसं हा शब्द तू उच्चारलास तेव्हा आईला कळलं. जाळ्याला आम्ही शिशाचेच मणी लावतो. ते दाताने दाबून बसवतात आमच्याकडे, माझ्या बापाने आयुष्यभर बसवले. ते काय इतकं वाईट असतं, आई म्हणाली. बापाचे हात शेवटी शेवटी का थरथरायचे हे आम्ही कधी विचारलं नव्हतं.

मग आई रागावली. तुझ्यावर नाही, म्हणजे आधी तुझ्यावरच. "तुह्या नवऱ्यानं मंग काऊन लावली?"

"त्याले मालूम नोतं."

"आमाले तं बिलकुलच मालूम नोतं."

गंज आईला तिच्या आईने दिलेला. तिने तो दोन्ही हातांनी उचलला आणि अंगणात नेला, सार ओतायला. विहीर या बाजूला, कोंबड्या त्या बाजूला, उतार तलावाकडे. ती भांडं घेऊन तशीच उभी राहिली. मी म्हणाले, राखेने घासून कल्हई काढू. सर म्हणाले होते, घासू नका, चुरा उडतो. भट्टीवर वितळवून काढू? धूर. भंगारात देऊ? तू म्हणालीस की सेठ घेईल, आणि दुसऱ्या कोणाच्या तरी चुलीवर परत पाठवेल. पुरून टाकू? पाऊस पडला की तलावात, तलावातून मासोळीत, मासोळीतून ताटात.

"मंग काय डोक्यावर घेऊन नाचू?" आई म्हणाली.

सुनंदाला हसू फुटलं, मग तुला, मग मला. भरला गंज हातात घेऊन आई पण हसली. आपण चौघी अंगणात हसलो, आपा. एवढी भीती मला कधीच वाटली नव्हती.

शेवटी कुडामागे खड्डा करून सार त्यात ओतला, वर माती लोटली, आणि गंज पोत्यात बांधून आढ्याला टांगला. अजून तिथेच आहे. आई त्याखाली झोपत नाही.

त्या दुपारी तू आमच्या समाजाच्या मुख्याकडेही आलीस. हंडे त्यांच्या ताब्यात. ते तलावावरून आले, ओल्या धोतरानेच ओट्यावर बसले, ऐकून घेतलं. वाईट माणूस नाही तो. पण म्हणाले, उन्हाळ्यात याच हंड्यात गावभराची लग्नं जेवली, कोण मेलं? हेच तर. हे लगेच मारत नाही. पोट दुखतं, हात लुळा पडतो, बाळ टिकत नाही, लेकरू उशिरा बोलतं, आणि प्रत्येक वेळी त्याला दुसरंच नाव मिळतं. पित्त. बाहेरचं. नशीब. मुख्या म्हणाले की मी एकट्याने हंडे बंद केले तर लोक मलाच विचारतील. "कागदावर लिहून आना. कोनाची कल्हई, कवाची. मंग पाहू."

परतीच्या गाडीत मी म्हणाले, बघ, कागद लागतोच. तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "थांब थोडी. मी एकेका गावाले जाऊन येतो. मले बरं वाटू दे." मूल ते बल्लारपूर आपण त्यावरच भांडलो. शेवटी तू पदर तोंडावर घेतलास. ते भांडण तिथेच आहे, पदराखाली.

तुला बरं वाटलं नाही. चंद्रपूरच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. लोखंडाच्या गोळ्या दिल्या. मी शिशाचं म्हणाले तेव्हा त्यांनी मान वर केली, पाट्यांचं ऐकलं, आणि तपासणी इथे होत नाही, रक्त बाहेर पाठवावं लागेल असं सांगितलं. ते पाठवायच्या आतच तुला झटके आले. दवाखान्याच्या कागदावर शिसं हा शब्द कुठेच नाही. तू शिशाने गेलीस हे मला सिद्ध करता येणार नाही, आणि जे सिद्ध करता येत नाही ते छापायचं नाही, हेही मला शिबिरातच शिकवलंय. म्हणून छापते ते एवढंच: ती वर्षभर त्या तव्यावर वाकून होती.

तू गेल्यावर मी सेठकडे गेले. त्याने दुःख व्यक्त केलं, चहा मागवला. मी कुणाला विष पाजलं नाही, म्हणाला, मी पाट्या दिल्या, पाट्या घेतल्या, मधलं काय ते घरचं. मी बाहेर पडले तेव्हा तुझ्या वाटणीची पोती दुसऱ्या गल्लीत चालली होती. हातगाडीवर. त्या घरातली बाई दारात उभी होती, काम आलं म्हणून तोंड फुललेलं. मी तिला सांगितलं. तिने ऐकलं, आणि तिच्या नवऱ्याने मला हाकललं.

जुने कॉम्प्युटर लिलावात काढलेल्या एका ऑफिसात गेले. तिथला साहेब म्हणाला, जुने कॉम्प्युटर नियमाने निर्लेखित केले, नियमाने लिलाव झाला. पुढे कुठे जातात? भंगारात. भंगारातून? त्याने खांदे उडवले नाहीत, मान खाली घातली. कॉम्प्युटरच्या कचऱ्यासाठी वेगळा कायदाच नाही, म्हणाला. आणि त्याच्या टेबलावर नवा कॉम्प्युटर होता, प्लास्टिकचं कव्हर घातलेला, हळदकुंकू लावलेला.

आता दुसऱ्या ओळीत कोणाला लिहू, आपा? ज्याने भांड्याला हात लावला त्याचं नाव मला माहीत आहे. बाकी सगळे नियमाने वागले.

तुझ्या जियारतीच्या, म्हणजे तिसऱ्याच्या दिवशी, लोक उठून गेल्यावर, युसूफभाऊ माझ्या खोलीच्या दारात आले. त्यांच्या हातात तुझी ती डबी होती. ही कुठी ठेवू, असं विचारलं. मग म्हणाले, "नाव टाक माहं."

मी म्हणाले, आपाने नको सांगितलं होतं.

"तिले माही काळजी होती. ती गेली." ते बराच वेळ डबीच्या झाकणाशी चाळा करत राहिले. "माहं नाव नाई टाकलं तं सगळ्याच कल्हईवाल्याइच्या पोटावर येईन. नाई तं कोनीच भांडं उतरवनार नाई. लोकं माही कल्हई ओळखतात, पोरी. टाक."

म्हणून मी टाकतेय. तू रागाव. मला आयुष्यात कोणाच्या रागाची इतकी गरज वाटली नव्हती. तुझ्या घराला आग लागावी असं माझ्या हातून काही लिहिलं जाईल, या भीतीने हा कागद मी कितीदा फाडला. पण शारदेचा महाप्रसाद जवळ आलाय. आमच्या गावात हंडे बाहेर निघतील, त्यात कढी होईल, लेकरांच्या पंगती बसतील. दिवाळीला सुनंदाचे दिवस भरतात. तिला मी रोज विचारते, बाळ हलतं का. ती म्हणते हलतं, आणि माझ्याकडे अशी बघते की मी दुसरीकडे बघते. बाळ जन्मल्यावरही मला लगेच काही कळणार नाही. ते बोलायला लागेपर्यंत मी वाट बघत राहणार आहे.

तुझ्या मागच्या खोलीला भाऊंनी कुलूप लावलंय. तवा आत आहे. माझं एक पत्रकही आत आहे, मसाला बांधलेलं. तुझ्यासाठी एवढंच करू शकले, की तू तोंडाने जे आमच्या घरात सांगितलंस ते त्याच शब्दांत इथे लिहिलं. आमच्या हातून चूक झाली. हे म्हणणारी या सगळ्या साखळीत तू एकटी होतीस. ना सेठ म्हणाला, ना साहेब.

आता वाचणाऱ्यांनो, तुमच्याशी बोलते. केळझरपासून सिंदेवाहीपर्यंत, आणि आसपासच्या गावांत, यंदाच्या होळीनंतर बल्लारपूरच्या युसूफ कल्हईवाल्यांनी ज्या भांड्यांना कल्हई केली, ती आजच चुलीवरून उतरवा. घरचा गंज असो की समाजाचा हंडा. शारदेच्या महाप्रसादाला ते काढू नका. घासू नका, जाळू नका, विकू नका, तलावात टाकू नका. पोत्यात बांधा. ज्या ऑफिसांनी ते कॉम्प्युटर विकले त्यांच्या दारात आपल्याला ही पोती नेऊन ठेवायची आहेत आणि विचारायचं आहे, ही ठेवायची कुठे. त्या दिवशी युसूफभाऊ पुढे चालणार आहेत, तुझी डबी घेऊन, आपा.

तुम्ही युसूफभाऊंच्या दाराशी या. भांडं घेऊन या. हातात दुसरं काही आणू नका.